सिगारचे शास्त्र आणि विडीचे अज्ञान

गेल्या दिवाळीत बेळगावातील एका जुन्या मराठी घराच्या दिवाणखान्यात आम्ही बसलो होतो. परदेशी स्थायिक झालेल्या नातवाने येताना सिगारची लाकडी पेटी आणली होती. ती उघडून त्याने जमलेल्या ज्येष्ठांना सिगारचे आकार, लांबी-जाडी आणि वेष्टने यांचे शास्त्र समजावून दिले. ओढली कोणीच नाही. ऐकले मात्र सर्वांनी, आणि मन लावून ऐकले. श्रोत्यांत दोघे असे होते की ज्यांच्या आजोबांची निपाणीत तंबाखूची वखार होती.

ते शास्त्र ऐकण्याजोगे आहे, हे प्रथमच मान्य करतो. सिगारची तीन अंगे : आतले भरण, त्याला बांधून धरणारे मधले पान आणि सर्वांत वरचे वेष्टन. लांबी इंचांत मोजतात. जाडी इंचाच्या चौसष्टाव्या भागांत. म्हणजे पन्नास जाडीची सिगार पाऊण इंचाहून किंचित अधिक व्यासाची. सरळ असेल ती ‘पारेहो’. निमुळती किंवा मध्ये फुगलेली ती ‘फिगुरादो’. ‘रोबुस्तो’ पाच इंचांची, आखूड व भरदार. ‘चर्चिल’ सुमारे सात इंचांची. वेष्टनाच्या पानाचा रंग उजळ असेल तर ‘क्लारो’, तांबूस असेल तर ‘कोलोरादो’, गडद असेल तर ‘मादुरो’. अमेरिकेत कनेक्टिकट प्रांती १९०० च्या सुमारास कापडी मांडव घालून त्याच्या सावलीत वेष्टनाचे पान पिकवू लागले, कारण पान जितके पातळ व निर्डाग तितके त्याचे मोल अधिक.

हे सारे संपल्यावर आम्ही विचारले, “आणि विडीचे?” क्षणभर शांतता पसरली. मग त्या दोघांपैकी एकजण हसून म्हणाले, “अहो, विडीत समजून घेण्यासारखे काय असते?”

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिहीत आहोत.

विडीचे वेष्टन तंबाखूचे नसते. ते टेंभुर्णीचे, म्हणजे तेंदूचे पान असते. गडचिरोली-गोंदियापासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशापर्यंतच्या रानांत ते उन्हाळ्यात तोडले जाते. महाराष्ट्रात पूर्वी आपट्याच्या पानाच्याही विड्या वळत. दसऱ्याला आपण सोने म्हणून लुटतो तेच पान. वळणारी बाई पाने भिजवते, ओल्या फडक्यात गुंडाळून मऊ होऊ देते, मग मापाचा पत्रा ठेवून कात्रीने कापते. पानाची शीर जाड असेल तर वळताना ते फाटते, सुकलेले असेल तर तडकते, भोक असेल तर विडी ओढताना विझते. कापलेल्या पानात चिमूटभर जर्दा, पाव ग्रॅमच्या आतबाहेर, सारखा पसरायचा. विडी एका अंगाला निमुळती वळायची, टोक दुमडून बंद करायचे, सूत बांधायचे. पंचवीस विड्यांचा कट्टा, आणि मजुरीचा हिशेब हजारावर. हजार विड्यांत जाडी, लांबी व निमुळतेपणा एकच राहिला पाहिजे. तो राखणारे माप तिच्या बोटांत असते.

सिगारच्या आकारात चूक झाली तर शौकिनाचा विरस होतो. विडीच्या आकारात चूक निघाली तर बाईची मजुरी बुडते. आखूड, जाड, ढिली, डागी म्हणून बाजूला काढलेल्या विडीला धंद्यात एक नेमका शब्द आहे : छाट. छाट किती काढायची हे ठरवतो माल घेणारा. तिचे पैसे जातात वळणारीचे, आणि अनेकदा छाटलेल्या विड्याही त्याच्याकडेच राहतात. पाने वजनावर मिळतात. ती खराब निघाली तर हजार पुरे करण्यासाठी उणी पाने तिने पदरमोड करून आणायची. देशभरच्या विडीधंद्यात वर्षानुवर्षे नोंदली गेलेली ही तक्रार आहे. तेव्हा आकार, माप आणि वेष्टन यांचे ज्ञान विडीत नाही असे म्हणणाऱ्याने इतकेच ध्यानात घ्यावे की, या ज्ञानावर कोणाच्या तरी घरची चूल पेटते किंवा विझते.

गंमत अशी की, कायद्याने या दोघींत भेद केला नव्हता. १९६६ साली संसदेने केलेल्या कायद्याचे नावच विडी व सिगार कामगार कायदा असे होते. कच्च्या मालाचा पुरवठा, नाकारलेला माल आणि नाकारलेल्या मालाची मजुरी या तीन बाबींवरील वाद सोडवण्याची तरतूद त्याच्या ३९ व्या कलमात होती. म्हणजे पान आणि छाट यांचे महत्त्व दिल्लीला कळले होते. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. विडी कामगारांच्या कल्याणनिधीसाठी १९७६ पासून विडीवर जो उपकर होता, तो २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गेला. आणि १९६६ चा कायदाही २०२० साली मंजूर झालेल्या कामगार संहितेत सामावला गेला. या साऱ्या घडामोडींत निपाणीच्या घराघरांतील हजारावर मोजली जाणारी मजुरी गुंतलेली होती. आमच्या मंडळाच्या अंकांत तिच्यासंबंधी एक ओळही आली नाही. हा दोष आम्ही इतरांवर ढकलत नाही. संपादनाला हात लावणाऱ्यांत आम्हीही होतो.

आता भाषेकडे येऊ, कारण हे मंडळ भाषेचे आहे. दिवाणखान्यात जे शब्द इतके रुबाबदार वाटले ते मुळात काय आहेत? ‘क्लारो’ म्हणजे उजळ. ‘कोलोरादो’ म्हणजे रंगीत, तांबूस. ‘मादुरो’ म्हणजे पिकलेला. ‘रोबुस्तो’ म्हणजे धष्टपुष्ट. स्पॅनिश बोलणाऱ्यांच्या रोजच्या तोंडातले हे साधे शब्द तंबाखूच्या कारखान्यातून निघाले आणि जगभर गेले. ‘चिरूट’ हा शब्द आपल्याला इंग्रजी थाटाचा वाटतो. त्याचे मूळ तमिळमध्ये आहे, आणि अर्थ ‘वळलेले’ इतकाच. दुसऱ्यांच्या मजुरांचे शब्द आपल्या ओठांवर संस्कृती होऊन येतात. मग आपल्या मजुरांचे जर्दा, छाट, कट्टा, भुकटी हे शब्द गावंढळ कसे ठरतात? वखारीत रचलेल्या तंबाखूला आतून उष्णता येते, तिला तेथे ‘ऊब’ म्हणतात. मायेच्या आणि गोधडीच्या संदर्भात आपण हा शब्द शेकडो कवितांतून झिजवला. तंबाखूच्या थप्पीवर हात ठेवून तो उच्चारणाऱ्या बाईला कधी विचारले नाही की, तुझी ऊब कशी असते.

कोणी विचारले नाही असे सरसकट म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. निपाणीच्या वखारींतील स्त्री-कामगारांच्या लढ्यावर ‘युगांतर’ या चित्रपट-गटाने १९८२ साली ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. त्यासाठी माणसे बाहेरून यावी लागली. निपाणीतच पिठाची गिरणी चालवत महादेव मोरे यांनी आयुष्यभर कष्टकऱ्यांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या. २०२४ साली ते गेले तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. परंतु एका लेखकाने लिहिले म्हणजे सर्वांचे कर्तव्य पार पडले, असे समजण्याची सोय आपण करून घेतली.

१९८१ चे आंदोलनही आपल्या स्मरणात अर्धेच आहे. शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग रोखला. ६ एप्रिल रोजी झालेल्या गोळीबारात बारा शेतकरी मरण पावले. पिकवणाऱ्याचे नाव निदान त्या रक्ताने इतिहासात लिहिले गेले. चाळणाऱ्या, निवडणाऱ्या, वळणाऱ्या हातांचे नाव कोठे लिहिले आहे?

यावर तीन आक्षेप घेतले जातील. पहिला, तंबाखू घातक आहे, तिचे गोडवे कशाला? खरे आहे; विडी सिगारइतकीच मारक आहे, आणि वखारीतील भुकटी न ओढणाऱ्या बाईच्याही छातीत जाते. म्हणूनच तिच्याविषयी लिहिले पाहिजे. जो धंदा उद्या बंद व्हावा असे आपण म्हणतो, त्यातील माणसे आणि शब्द आज नोंदवून ठेवणे हे अधिकच निकडीचे. दुसरा, आपल्या घराण्यांनी शाळा, वाचनालये, व्याख्यानमाला उभ्या केल्या. केल्या, आणि त्यांचे ऋण आम्ही नाकारत नाही. पण त्या देणग्यांत ज्यांच्या बोटांचा वाटा होता, त्या बायांना आपल्या व्याख्यानाचे निमंत्रण कधी गेले?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : सीमाप्रश्न समोर असताना हे किरकोळ विषय कशाला? १९४६ साली येथे बेळगावात, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखालील संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ साली आपण म्हैसूर राज्यात गेलो. १९६७ च्या अहवालात महाजन आयोगाने निपाणी महाराष्ट्राला द्यावी असे म्हटले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. या साऱ्या लढ्याचा पाया एकच : येथील माणसे मराठी बोलतात. ती माणसे कोण? शिरगणतीच्या वेळी विडी वळणाऱ्या बाईचे डोके आपण मराठीच्या खात्यात मोजतो. तिच्या तोंडचे शब्द मात्र मराठीच्या कोशात मोजत नाही. तिच्या शेजारी बसून तेच काम करणारी कानडी बाई तंबाखूला ‘होगेसोप्पू’ म्हणते, धुराचा पाला. दोघींची छाट एकाच सुपात पडते. हे ज्याला ठाऊक नाही त्याने सीमाभागाच्या भाषेविषयी अधिकारवाणीने बोलू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

क्यूबातील सिगार कारखान्यांत १८६५ पासून एक प्रथा आहे. कामगार सिगार वळत असतात आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्र व कादंबऱ्या वाचून दाखवतो. सुरुवातीला त्याचे वेतन कामगारच आपल्या मजुरीतून वर्गणी काढून देत. फ्लोरिडातील टॅम्पा येथे मालकांनी १९३१ साली ही प्रथा बंद पाडली, कारण ऐकणारे कामगार विचार करू लागले होते. सिगारच्या शास्त्रातील हा धडा नातवाच्या पेटीत नव्हता. साहित्य मंडळाला शिकण्यासारखा धडा मात्र हाच आहे.

तेव्हा आमची मागणी अशी. मंडळाच्या प्रत्येक अंकातील दोन पाने तंबाखू व विडीधंद्यातील शब्दांसाठी राखून ठेवावीत. ते शब्द वळणाऱ्या व निवडणाऱ्या स्त्रियांकडून, त्यांच्या उच्चारासह, मराठी-कानडी भेद न करता घ्यावेत, आणि सांगणारीच्या वेळेचा मोबदला द्यावा, कारण तिचा तास विड्यांत मोजला जातो. वर्षातून एक बैठक दिवाणखान्यात न घेता निपाणीत, विड्या वळल्या जातात तेथे घ्यावी. आपण वाचावे, त्यांनी ऐकावे, मग त्यांनी बोलावे आणि आपण लिहून घ्यावे. आपले लिखाण ऐकून एखादीने त्यातील निम्मे छाटून टाकले, तर राग मानू नये. माल पारखण्याचा तिचा अधिकार आपल्यापेक्षा जुना आहे.