आधी नाला तपासा, मग बाडी

रायपूरच्या वेशीवरच्या भाज्यांविषयी एक मत हल्ली ठामपणे मांडलं जातं: नाल्याच्या पाण्यावरचा पालक म्हणजे विष, शहरालगतची शेती बंद करा, जमीन वसाहतींना द्या. यातली भीती खरी आहे. निष्कर्ष मात्र चुकीचा आहे आणि अन्यायाचाही.

छोकरा नाला शहराचं सांडपाणी घेऊन खारून नदीकडे जातो. उरला-सिलतऱ्याच्या स्पंज आयर्न कारखान्यांची काळी धूळ गच्चीवर बसते, तशीच लाल भाजीच्या पानांवरही बसते. हे सांडपाणी आणि ही धूळ बाडी म्हणजे भाजीचा मळा कसणाऱ्या मरार समाजातल्या कुटुंबांनी निर्माण केलेली नाही. बाडी मोडली म्हणून नाला थांबणार नाही. खारूनचं पाणी पिणाऱ्या या शहराला तो आज दिसतो तेवढाही दिसणार नाही, इतकंच.

‘भाजी नीट धुऊन खा’ हा दुसरा सल्ला. धुतल्याने धूळ जाते, जंतूही बरेच कमी होतात. पण मुळांवाटे पानात शिरलेलं कॅडमियमसारखं विषारी धातू धुऊन निघत नाही. तिसरा भरवसा सांडपाणी शुद्धीकरण केंद्रांवर. ती हवीतच. पण तिथे पाण्यातल्या धातूंचा बराच भाग गाळात उतरतो, आणि तो गाळ न तपासता खत म्हणून शेतात टाकला, तर नाल्यातलं संकट ट्रॉलीतून बाडीत पोचतं.

शेतकऱ्याचा कैवार घेताना त्याच्याकडूनही होणाऱ्या चुका झाकू नयेत. अतिरिक्त युरियातलं नायट्रेट विहिरीत उतरतं; पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. तोडणीच्या आदल्या दिवशी फवारलेली फुलकोबी बाजारात आणणं हा तर उघड गुन्हा मानावा.

म्हणून धोका मोजायचा तर शेतागणिक मोजला पाहिजे. इथली जमीन एकजात नाही: भाटा, मटासी, डोरसा, कन्हार. आम्ल भाट्यात कॅडमियम मुळांना सहज मिळतं. कन्हारची काळी चिकणमाती ते बरंचसं धरून ठेवते. पालेभाजी धातू जास्त ओढते, दोडका-भोपळ्याच्या फळात ते कमी पोचतात. धानाचं तर आणखी वेगळं. पाणी साचलेल्या खाचरात कॅडमियम जखडलं जातं, पण मातीत आर्सेनिक असेल तर तेच मोकळं होतं. एकाच नाल्याचं पाणी दोन शेतांत दोन वेगळे धोके निर्माण करतं, हे ज्याने पाहिलं तो सरसकट बंदी मागणार नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मार्गदर्शिकेनेही सांडपाण्यावरच्या शेतीला सरसकट नकार दिलेला नाही. पिकाची निवड, पानांऐवजी मुळाशी पाणी, तोडणीआधी काही दिवस पाणी बंद, बाजारात स्वच्छ पाण्याने धुणं, असे टप्प्याटप्प्याचे अडसर तिने सुचवले आहेत. ते प्रामुख्याने जंतूंसाठी आहेत; धातू मात्र कारखान्याच्या दारातच अडवावे लागतील.

शहरालगतची शेती हटली की पावसाचं पाणी मुरवणारी उघडी जमीन जाईल. भाजी लांबून ट्रकने येईल, आणि तिच्यावर काय फवारलं हे विचारायला समोर कुणी नसेल. राज्याच्या पर्यावरण संरक्षण मंडळाने नाल्यांच्या मुखाशी आणि कारखान्यांच्या दाराशी नमुने घ्यावेत, इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने माती आणि पानं तपासावीत. पालेभाजीसाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांतली कॅडमियमची मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. ती जिथे ओलांडली जाईल, तिथे पालेभाजी थांबवून दुसरं पीक सुचवावं, आणि शेतकऱ्याच्या नुकसानीची भरपाई पाणी घाण करणाऱ्याकडून वसूल करावी.