खेळातील सोबती

बालमित्रांनो, खेळातील काल्पनिक वीरांवर जीव जडला, तर त्यात नवल ते काय? १९८७ साली जपानात निघालेल्या ‘फायनल फँटसी’ या व्हिडिओ गेममध्ये चार योद्ध्यांची नावे व त्यांचा पेशा खेळणाराच ठरवितो. साहजिकच त्यांच्या जयपराजयाशी तो समरस होतो. आपण ज्याला घडवितो, तो आपला वाटू लागतो.

पेण तालुक्यातील हमरापूरच्या मूर्तिकारांचेच पाहा ना! महिनोन्‌महिने राबून ते गणेशमूर्ती घडवितात, एकाग्रचित्ताने डोळ्यांची आखणी करितात. आणि चतुर्थीपूर्वी तीच मूर्ती दुसऱ्याच्या घरी पाठवितात. म्हणून का त्यांची माया उणी ठरते? मुळीच नाही.

खेळावर प्रेम असावे, आसक्ती नसावी. आवडत्या वीरांसमवेत अवश्य रमा. पण अभ्यासाची वेळ होताच त्यांचाही हसतमुखाने निरोप घ्या.