साहेबांची नोकरी गेली, मावशींचे काय?



सकाळी पहिल्या पाळीच्या बसगाड्या निघाल्या की आमच्या बजाजनगरात आणखी एक पाळी सुरू होते. तिला भोंगा नाही, हजेरीचे कार्ड नाही. आपल्याच आया-बहिणी चार-पाच घरची धुणीभांडी, झाडलोट, स्वयंपाक करायला निघतात. ही पाळीही कारखान्याच्या पगारावरच चालते, हे मात्र कोणाच्या लक्षात येत नाही.

1985 साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या आधाराने ही वस्ती वाढली. पण कारखाना काही एका जागी खिळलेला नसतो. 2007 साली बजाजने पुण्याजवळच्या आकुर्डीत गाड्या बनविणे बंद केले. त्याच वर्षी उत्तराखंडात पंतनगरला, जिथे करात सवलत होती तिथे, नवा कारखाना सुरू झाला. आता तर यंत्राचे नकाशे काढण्याचे कामही संगणकावरून या देशातून त्या देशात जाते. आज परक्याचे काम आपल्याकडे येते, उद्या आपले दुसरीकडे जाईल.

साहेबांचे काम गेले की घरात पहिली काटछाट मावशींची होते. आमच्या गल्लीतील एक ताई सांगत होत्या, "महिना भरायला नऊ दिवस होते. बाई म्हणाल्या, उद्यापासून नका येऊ. घरात सगळे रडवेले झालेले. झालेल्या दिवसांचे पैसे मागायचीही मला लाज वाटली."

कारखान्यातील कायम कामगाराला कमी केले, तर कायद्याने महिन्याची नोटीस आणि नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई म्हणून द्यावा लागतो. मावशींना यातले काहीच नाही. महाराष्ट्रात 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही घरकामगारांच्या कायद्याचा विचार करण्यासाठी समिती नेमा, असे केंद्र सरकारला सांगितले. पण सरकारची वाट पाहत आपण हातावर हात ठेवून बसायचे का?

18 ते 60 वयाच्या प्रत्येक ताईने मंडळाकडे नोंदणी करावी. कोणत्या घरी कधीपासून काम, पगार किती, खाडे किती, हे मुलांकडून वहीत लिहून घ्यावे. झालेल्या दिवसांचे पैसे मागण्यात लाज कसली? ते घामाचे आहेत.

आणि आपल्यापैकी ज्यांच्या घरी मावशी येतात, त्यांनीही आठवावे. गेटवर आपल्याला नोटीस न देता अडवले, तर आपण संघटनेकडे धावतो. मग मावशींनाही एक महिना आधी सांगू या.