उपासनेतील नृत्य : प्रार्थना की प्रयोग?

नृत्यमग्न शिवाचे भग्न परंतु भव्य शिल्प ज्या घारापुरी बेटावर आहे, ते बेट उरण तालुक्यात मोडते. आणि पोर्तुगीज अमदानीतील चर्चचे अवशेष ज्या द्रोणागिरीवर आहेत, तो डोंगरही उरणचाच. एकीकडे साक्षात देवच नाचतो, तर दुसरीकडे देवापुढे निश्चल उभे राहावे वा गुडघे टेकावेत, अशी युरोपातून आलेली शिस्त! परंतु नृत्य हिंदूंचे व निश्चलता ख्रिस्त्यांची, अशी जी वाटणी सरसकट केली जाते, ती इतिहासाला धरून नाही.

कराराचा कोश यरुशलेमेत आणताना दावीद राजा देहभान विसरून नाचला व त्याबद्दल नाक मुरडणाऱ्या मीखलेला त्याने सडेतोड उत्तर दिले, ही कथा बायबलातलीच आहे. इथिओपियाच्या प्राचीन चर्चमध्ये हाती काठी व खुळखुळे घेऊन पदन्यास केला जातो. स्पेनमधील सेव्हिलच्या कॅथेड्रलात मुले वेदीसमोर नाचतात. असे असूनही 589 साली टोलेडोच्या धर्मपरिषदेने सणांच्या दिवशीचे नाच निषिद्ध ठरविले, आणि गोव्यात 1736 च्या इन्क्विझिशनच्या फर्मानाने ख्रिस्ती लग्नांतील देशी गाण्यांवरही बंदी घातली. तेथे भय धांगडधिंग्याचे होते, येथे जुना धर्म परतून येण्याचे.

हे भय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने पुष्कळसे दूर केले. उपासनेत स्थानिक संस्कृतीला वाव देण्याचे तत्त्व 1963 मध्ये मान्य झाले, आणि 1969 मध्ये भारतासाठी आरती, पंचांग प्रणाम, जमिनीवर बसणे अशा 12 गोष्टींना रोमने संमती दिली. पुढे फ्रान्सिस बार्बोझा या धर्मगुरूंनी बडोद्यात भरतनाट्यमचे शिक्षण घेऊन ख्रिस्ती आशयासाठी नव्या हस्तमुद्रा रचल्या. हा प्रयत्न अभ्यासपूर्ण होता, यात शंका नाही. प्रश्न एवढाच उरतो की, ‘भारतीय’ म्हणजे नेमके कोणाचे?

उरणपासून वसईपर्यंतच्या किनाऱ्यावरील ईस्ट इंडियन समाजाला तंजावरच्या दरबारात घडलेली शास्त्रीय शैली लॅटिनइतकीच परकी वाटली, तर त्यात नवल ते काय? त्याचे स्वतःचे नृत्य निराळे आहे. लग्नाच्या आदल्या दिवशी घुमटाच्या ठेक्यावर नाचत उंबराचे पाणी आणणारा, आगेऱ्याच्या सणाला भाताची पहिली कणसे मिरवणुकीने चर्चमध्ये नेणारा हा समाज देहाने प्रार्थना करणे कधीच विसरलेला नाही. मात्र त्याचे नाचणे बहुधा चर्चच्या दारापर्यंतच पोहोचते.

नृत्याला दार उघडले की उपासनेचे स्नेहसंमेलन होईल, हा जुन्या मंडळींचा आक्षेप अगदीच निराधार नव्हे. परंतु त्याचे उत्तर रोमच्याच 1994 च्या निर्देशात सापडते. ज्या लोकांत गाण्याबरोबर टाळ्या, डोलणे व नाचणे स्वाभाविकपणे येते, त्यांच्या उपासनेत त्यांना स्थान आहे. अट एकच, ते साऱ्या समुदायाची प्रार्थना असावे, निव्वळ सादरीकरण नसावे. आजच्या काँगोमध्ये 1988 मध्ये मान्य झालेल्या मिस्साविधीत धर्मगुरू व भाविक मिळून नाचतात. तेथे प्रेक्षक कोणी उरतच नाही. वारकऱ्यांच्या पावलीतही उरत नाही. अहमदनगर परिसरात कृष्णराव सांगळे व नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजविले, ते कीर्तन मुळात त्या लोकांचेच होते म्हणून.

तेव्हा निकष सरळ आहे. चार निवडक मुली वेशभूषा करून वेदीपुढे नाचतात आणि बाकीचे बाकांवर बसून पाहतात, तेव्हा तो कार्यक्रम होतो. म्हातारी-कोतारीही ज्यात आपले पाऊल मिसळू शकतात, ती उपासना होय. आणि येथे विलंब परवडणारा नाही. नवी मुंबई व न्हावा-शेवा बंदरासाठी उरणची भातशेती व मिठागरे संपादिली गेली. शेत गेल्यावर कणसांची मिरवणूक किती काळ टिकेल? ज्या श्रमातून ही पावले जन्मली, तो श्रमच ओसरत चालला आहे. धर्मसंस्थेने या पावलांना आज वेदीपर्यंत वाट दिली, तर ती प्रार्थना म्हणून जगतील. अन्यथा पर्यटकांसमोरचा देखावा म्हणून उरतील. दाविदाला प्रेक्षकांची गरज नव्हती. त्याला पाहत खिडकीत उभी राहिली, ती मीखल!