मुखपृष्ठावरची गोधडी



मागचा अंक तुमच्या हाती पडून आठ दिवस झाले नसतील, तोच सांगली जिल्ह्यातल्या आपल्या एका कार्यकर्तीचे पोस्टकार्ड आले. मजकूर तीन ओळींचा. अंक आवडला, मुखपृष्ठ फारच आवडले, पण ती गोधडी कुणी शिवली ते कुठे छापलेले दिसले नाही. मी अंक पुन्हा उघडला. छायाचित्र कुणाचे ते होते, मांडणी कुणाची ते होते, अक्षरजुळणी आणि छापखान्याचे नावही होते. गोधडी शिवणारीचे नाव नव्हते. आणि अंक होता बायकांच्या न दिसणाऱ्या श्रमांवर!

घडले ते असे. एका बैठकीहून परतताना आमच्या मैत्रिणीला अंगणात वाळत घातलेली गोधडी दिसली. "फोटो काढू का?" असे तिने विचारले. "काढ की," एवढेच उत्तर मिळाले, आणि त्या 'काढ की'वर आम्ही भागवले. नाव विचारायचे कुणालाच सुचले नाही. लेख छापायला घेतला असता तर लेखिकेचे नाव विसरलो असतो का? हा प्रश्न मी स्वतःला अनेकदा विचारला, आणि तो घेऊनच मागच्या महिन्यात त्या गावी गेले. संपादकीय म्हणून काही वेगळे लिहायचे योजले होते, ते राहू दे.

मावशी साठीच्या पुढच्या. मी माफी मागितली तर त्यांना गंमतच वाटली. "त्याला कशाला नाव पाहिजे? वाकळच ती." मग मी आपला नेहमीचा प्रश्न विचारला, रंग कसे निवडता? "निवडायचं काय त्यात? हाताला लागंल ते घ्यायचं." मी वही उघडली होतीच. खरे सांगते, हे वाक्य मी आनंदाने उतरवून घेतले. 'सहज', 'उपजत', 'मातीतली कला' असले शब्द त्यापाठोपाठ आपोआप हजर होतात. नशीब असे की त्या दिवशी त्यांनी नवी गोधडी मांडायला घेतली होती आणि माझी परतीची एस. टी. संध्याकाळची होती.

जुन्या लुगड्यांचे अस्तर जमिनीवर अंथरलेले. वर तुकडे. मावशी एक तुकडा ठेवत, दाराच्या उंबऱ्यापर्यंत मागे जात, डोळे अर्धवट मिटून पाहत, परत येत आणि तो उचलून दुसरीकडे ठेवत. एक डाळिंबी तुकडा चार वेळा हलला. आधी तो केशरी चिटाशेजारी होता. "हितं मेल्यागत दिसतोय," त्या म्हणाल्या. मग तो गडद हिरव्या काठाला लागून ठेवला, आणि खरेच, त्याच तुकड्यात कुणी दिवा लावल्यासारखे झाले. कापड तेच होते, फक्त शेजार बदलला होता.

हे जे झाले त्याला युरोपात मोठे नाव आहे. 1824 मध्ये पॅरिसच्या गोबलँ या सरकारी चित्रजवनिका विणण्याच्या कारखान्यात शेव्ह्रल नावाचे रसायनशास्त्रज्ञ रंगाई खात्याचे प्रमुख झाले. त्यांच्याकडे तक्रार आली की काळा रंग नीट चढत नाही, निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या सावल्यांत तो फिका दिसतो. त्यांनी इतर ठिकाणची काळी लोकर आणून ताडून पाहिली. रंगाईत दोष नव्हता. निळ्या-जांभळ्याच्या शेजारामुळे काळा डोळ्याला विटलेला भासत होता. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. लालाजवळ हिरवा अधिक हिरवा होतो, पण लालाजवळच केशरी ठेवला तर दोघांचेही तेज उतरते. हे त्यांनी वर्षानुवर्षे तपासले आणि 1839 साली त्यावर जाडजूड ग्रंथ काढला. पुढच्या पिढीतल्या चित्रकारांनी तो अभ्यासला. त्याला विज्ञान म्हणतात, आणि ते आहेच. मावशी उंबऱ्याशी उभ्या राहून जे करत होत्या त्याला मात्र आपण 'हात चांगला आहे' म्हणतो. म्हणजे काम करतो तो हात. डोके कुठेतरी दुसरीकडे, बहुधा दुसऱ्या कुणाचे.

डोळे अर्धवट मिटण्याचेही तेच. चित्रकलेच्या शाळेत पहिल्या वर्षी हे शिकवतात. डोळे बारीक केले की बारकावे आणि रंगाची भुरळ मागे पडते, आणि उरते फक्त गडद कुठे नि फिकट कुठे. मावशींच्या मांडणीत गडद तुकडे कडेने आणि फिकट मधे असे सरसकट नव्हते. फिकट्याची एक वाट कोपऱ्यातून निघून वळत वळत दुसऱ्या कोपऱ्याकडे जात होती. पिवळे तुकडे तीनच होते. ते तिघे एकमेकांपासून लांब ठेवले, म्हणून नजर एकावरून दुसऱ्यावर जात राहते, एका जागी बसत नाही. मी विचारले, तिन्ही एकत्र ठेवले तर? "मग बाकीचं कोण बघंल?"

त्यात संसाराचा हिशोबही होताच. लुगड्याचा काठ घट्ट विणीचा, कमी विरतो, म्हणून तो कडेला. पायाकडे मळखाऊ रंग. मळखाऊ! काय शब्द आहे. कपडे धुणाऱ्या बाईनेच तो घडवला असणार. रंगांना आपल्याकडे जी नावे आहेत तीही एकदा मोठ्याने म्हणून पाहा: आमसुली, डाळिंबी, अंजिरी, श्रीखंडी, शेवाळी, अबोली, गुलबक्षी, मोरपंखी, विटकरी. स्वयंपाकघर, परसदार, ओढा, भिंत. दोन छटांतला फरक इतक्या नेमकेपणाने सांगणाऱ्या बायकांना 'रंगांची समज' शिकवायला आपण बाहेरून प्रशिक्षक बोलावतो.

'आपण' म्हणते आहे ते उगाच नाही. आपल्याच मदतीने चालणाऱ्या एका उत्पादन केंद्राची गोष्ट आहे, आणि त्यात मीही होते. तिथे अभ्रे आणि पिशव्या शिवल्या जातात. शहरातून एक नमुनातक्ता येई: कुठला तुकडा कुठे, कोणता रंग कशाशेजारी. बायकांनी त्याबरहुकूम शिवायचे. एकदा काही जणींनी तक्ता बाजूला ठेवून स्वतः रंग लावले. माल 'नमुन्याप्रमाणे नाही' म्हणून परत आला आणि त्यांची मजुरी कापली गेली. त्या खर्चाच्या पत्रकात दोन वेगळ्या ओळी होत्या, 'डिझाईन' आणि 'शिलाई'. पहिलीत एक ठोक रक्कम, दुसरीत नगाप्रमाणे दर. त्या पत्रकावर माझी सही आहे. तेव्हा मला त्यात काही खटकले नाही. तक्त्यावरची रंगसंगती एका गावच्या जुन्या गोधडीवरून उतरवलेली होती, हे तर पुढे कितीतरी दिवसांनी कळले.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेच्या अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांची. तिथल्या बायका कामाच्या फाटक्या कपड्यांच्या गोधड्या शिवत. 2002 साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या नामवंत संग्रहालयात टांगल्या गेल्या. समीक्षकांनी त्यांची तुलना आधुनिक अमूर्त चित्रांशी केली. 2006 मध्ये त्यांची टपाल तिकिटे निघाली. शिवणाऱ्यांची नावे तिथे होती, हे आमच्या मुखपृष्ठापेक्षा बरे. पण 2007 मध्ये तिघी जणी न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे होते की गोधड्यांच्या आणि त्यांवरून निघालेल्या मालाच्या पैशातला आमचा वाटा आम्हाला मिळालेला नाही. 2008 मध्ये ते दावे आपसात मिटले. नाव छापले म्हणजे प्रश्न संपला, असे वाटून घेणाऱ्या माझ्यासारखीने हे लक्षात ठेवलेले बरे.

आणि नाव तरी कुणाचे? डहाणू, तलासरी, जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाआधी भिंतीवर जो चौक लिहितात, तो सवाशिणी लिहितात. तांदळाच्या पिठाचा पांढरा, खाली गेरू किंवा शेणमाती. दोनच रंग, आणि आकार तरी किती? त्रिकोण, वर्तुळ, चौकोन आणि रेषा. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी. तो झाल्याशिवाय लग्न लागत नसे. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी त्या भागात गेले, भिंतीवरचे चित्र कागदावर आले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे जगभर पोचले. 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची प्रतिभा निर्विवाद होती, त्यांच्या वाट्याचे कुणाचे हिसकावून आले असे मी मुळीच म्हणत नाही. पण भिंतीवर होते तोवर ते 'रीत' होते आणि बायकांचे होते. कागदावर, विकत घेण्याजोगे झाले तेव्हा ते 'कला' झाले आणि मुख्यतः पुरुषांच्या सहीने ओळखले जाऊ लागले. आज वारली स्त्रियाही कागदावर, कापडावर काढतात आणि सही करतात. तरीही एखाद्या प्रदर्शनात गेलात तर सह्या मोजून पाहा.

आता एक सावधगिरी. गोधडीचे गोडवे गाताना ती गरिबीतून शिवली जाते हे विसरायला नको. ब्लँकेट परवडले असते तर मावशींनी कदाचित तेच घेतले असते, आणि त्यात काही वावगे नाही. रंगाचेही तसेच. रंग बाईच्या आयुष्यात नुसता सुख देणारा नसतो, तो हुकूमही असतो. हिरवा चुडा कुणी घालायचा, कुंकू कुणी पुसायचे. 2022 च्या मे महिन्यात शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा तो कुंकू आणि बांगड्यांबद्दलही होता. मावशींच्या अंगावर विटका राखाडी होता. पती जाऊन बरीच वर्षे झाली आहेत. अंथरलेल्या मांडणीत मात्र त्यांच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचे तुकडे सगळीकडे होते. त्याबद्दल मी विचारले नाही आणि त्यांनी सांगितले नाही.

निघताना नावाचे पुन्हा काढले. या अंकात चूक दुरुस्त करून तुमचे नाव छापू का? त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझं एकटीचं नको. मांडली मी, पण दोरा भरायला सून होती, शेजारच्या दोघी होत्या. चौघींचं घाला, नाहीतर भांडण लावून जाशील बाई." चौघींना विचारून, त्यांनी सांगितली तशी नावे मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर छापली आहेत. छायाचित्राला जेवढे मानधन दिले तेवढेच चौघींना मिळून पाठवले आहे. ते पुरेसे आहे का, यावर संपादक मंडळात एकमत झालेले नाही. माझ्या मते नाही.

उत्पादन केंद्राच्या पत्रकातल्या त्या दोन ओळींबद्दल पुढच्या बैठकीत बोलायचे ठरले आहे. कापली गेलेली मजुरी परत देण्याचा विषयही मी त्यात घातला आहे. तुमच्या गटांत असेच तक्ते येत असतील तर कळवा, बरोबर पत्रकाची नक्कल पाठवा.

शिवाय येत्या शिबिरात एक सकाळ रंगांसाठी ठेवली आहे. शिकवायला बाहेरचे कुणी नाही, मावशी आणि त्यांची सून येणार आहेत. येताना प्रत्येकीने जुन्या कपड्यांचे वीतभर तुकडे आणावेत, त्यात एक राखाडी हवाच. तो आधी लालावर आणि मग हिरव्यावर ठेवून पाहायचा आहे. कात्र्या, सुया, दोरा इथे आहे.