मुकी कळ बोलती करा

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’चा नेहमीचा पाठिंबा थांबवला. नवे विंडोज ज्यावर चालत नाही असा जुना संगणक मोडीत काढण्याऐवजी त्यावर फुकट मिळणारे लिनक्स घालून घेणे शहाणपणाचे. मात्र मग एक अडचण येऊ शकते. कळफलकावरच्या टपाल, गणकयंत्र, गाणी अशा जादा कळा दाबून काहीच होत नाही! म्हणून लगेच नवा कळफलक आणायला धावू नका. कळ बहुधा शाबूत असते. तिला काम नेमून दिलेले नसते, इतकेच.

कळ दाबली की कळफलक संगणकाला केवळ एक क्रमांक पाठवतो. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, त्या क्रमांकावरून कळ ओळखतो आणि डेस्कटॉप तिला काम देतो. यातला कोणता दुवा तुटला आहे, तेवढे शोधायचे.

आधी सोपा उपाय. तुमचा डेस्कटॉप ‘ग्नोम’ असेल तर ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कीबोर्ड’ उघडा. शॉर्टकटच्या यादीत ‘कस्टम शॉर्टकट’ निवडून नाव आणि चालवायचा आदेश लिहा. कळ विचारली की ती मुकी कळ दाबा. ओळखली गेली, तर काम फत्ते!

नाही ओळखली, तर कळ पुन्हा दाबून टर्मिनलमध्ये ‘सुडो’ लिहा आणि त्यापुढे डी, एम, ई, एस, जी ही अक्षरे सलग लिहा. बहुतेक लॅपटॉपवर ‘अननोन की’ अशी ओळ दिसते आणि लगेच खाली ‘सेटकीकोड्स’ने सुरू होणारा तयार आदेश असतो. तोच ‘सुडो’ लावून द्या; त्यातल्या रिकाम्या जागी १४८ घाला. हा ‘प्रोग्राम १’ कळीचा क्रमांक. मग पुन्हा सेटिंग्जमध्ये जाऊन तिला काम द्या.

दुसरा क्रमांक निवडलात, तर जुन्या ‘एक्स’ पद्धतीच्या पडद्यावर तो २४७ च्या पुढचा नको. एक्स त्यात ८ मिळवते आणि तिची मजल २५५ पर्यंतच.

संगणक बंद केला की ही नेमणूक पुसली जाते. ती कायम ठेवायची, किंवा कळफलक यूएसबीचा असेल, तर ‘एचडब्ल्यूडीबी’ या यादीत नोंद करावी लागते. हे काम जाणकाराला शेजारी बसवून करा.

‘एफएन’ कळीच्या मागे मात्र लागू नका. अनेक कळफलकांत तिचा इशारा आतल्या आतच राहतो, संगणकापर्यंत पोहोचतच नाही. बाकीच्या कळांसाठी एवढे करून पाहा; पैसे खर्च करण्याचा विचार त्यानंतर!