पाणी येतं का?

भाड्याचं घर बघायला गेलं की साताऱ्यात आणि सांगलीत पहिला प्रश्न एकच असतो, 'पाणी येतं का?' साताऱ्यात उत्तर 'हो' यावं म्हणून जीव खालीवर होतो, सांगलीत 'नाही' यावं म्हणून. बदलीच्या नोकरीनं मला दोन्ही गावांत भाडेकरू केलं, त्यामुळं दोन्ही उत्तरांतली मखलाशी आता लगेच कळते.

मागणी माझी साधीच. वन बीएचके, नसेल तर वन आरके, भाडं आठ हजारांच्या आत, डिपॉझिट झेपेल एवढं. एवढं ऐकून एजंट मोबाइल खिशात ठेवतो आणि 'बघू की' म्हणतो. त्या 'बघू की'चा अर्थ तुम्हाला माहीत आहे.

साताऱ्यात घरं नाहीत असं कोणी म्हणू नये. संध्याकाळी दिवे लागले की मंगळवार पेठेतून राजवाड्याकडं उतरत या. जवळजवळ प्रत्येक इमारतीत एखाददुसरी गॅलरी काळोखात दिसेल. मालक पुण्याला नाहीतर मुंबईला, घराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडं, उघडणार दिवाळीला. भाड्यानं द्या म्हटलं तर, 'नको बाबा, एकदा बसलेला उठत नाही.' ही धास्ती वाड्यांच्या काळातली आहे. १९४७च्या मुंबई भाडे कायद्यानं जुन्या खोल्यांची भाडी जिथल्या तिथं गोठली आणि आजोबांनी ठरवलेल्या रकमेची पावती नातू फाडत बसला. तो कायदा जाऊन ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला. लिव्ह अँड लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळण्याची सोय त्यात आहे. पण वाड्याला पोळलेला मालक फ्लॅटही फुंकून देतो, म्हणजे देतच नाही.

जे घर मिळतं त्याला पाण्याचं विचारावं. कास तलावाचं पाणी डोंगरावरून उतारानं शहराच्या पश्चिम भागात येतं. शहापूर योजनेचं उरमोडी नदीतून उपसून चढवावं लागतं, म्हणजे तिकडं वीज गेली की इकडं नळ गप्प. मालक 'रोज येतं' म्हणाला तर 'किती वाजता आणि कितव्या मजल्यावर' हेही विचारा. त्याहून चांगलं म्हणजे जिन्यात भेटेल त्या बाईंना विचारा. इमारतीतल्या पाण्याबद्दल बायका खोटं बोलत नाहीत.

सांगलीची गोष्ट वेगळी. इथं घराचा भाव ठरतो तो आयर्विन पुलापाशी मोजलेल्या नदीच्या पातळीवर. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, हे इथलं शाळकरी पोरही सांगतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, त्याआधी २००५ला आणि नंतर २०२१लाही गावात शिरलं. त्यामुळं एजंट चौरस फूट सांगत असला तरी ऐकणारा मनात वेगळे फूट मोजत असतो. विश्रामबागेकडं सरकलं की भाडं चढतं. गावभाग, मारुती चौक, दत्तनगर, काकानगर या बाजूला आलं की मालकाचा स्वर मऊ होतो आणि 'तेवढं कायतरी करू' असं ऐकू येतं.

असंच एक तळमजल्याचं घर मी बघितलं. नवा पिवळा रंग, फरशी चकचकीत, भाडं साडेसहा हजार. मी खूश. मग पंख्याचं बटण दाबायला हात वर केला तर तो अजून वर न्यावा लागला. सगळे स्विचबोर्ड डोक्याच्या उंचीला. मीटर त्याच्याही वर, स्टुलावर चढून वाचावा असा. 'एवढे उंच का हो?' 'पोरं हात लावत्यात,' मालक म्हणाले. घरात पोरं नव्हती. मागच्या मोरीत रंगाऱ्याचा ब्रश पोचला नव्हता, तिथं छातीएवढ्या उंचीवर मातकट रेघ सरळ गेली होती, दोरी लावून मारल्यासारखी. मालकांनीही ती बघितली, मीही बघितली. चहा मात्र चांगला होता.

आपण दोन प्रश्न विचारतो, ते वीस विचारतात. आडनाव काय, गाव कुठलं, फॅमिली आणणार का, मटण शिजवता का, पाहुणे किती येतात. आडनावावरून जातीचा अंदाज बांधून 'कळवतो' म्हणणारे दोन्ही गावांत भेटले, आणि शिकलेले लोक होते. एवढी चौकशी करणारा मालक करारनाम्याची वेळ आली की सैल पडतो. 'अकरा महिन्यांचं साध्या स्टॅम्पवर करू, रजिस्टर कशाला?' अकरा महिन्यांचा हा मंत्र १९०८च्या नोंदणी कायद्यातून आला, त्यात वर्षावरच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची. महाराष्ट्रात त्याचा उपयोग नाही. १९९९च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ सांगतं की करार कितीही महिन्यांचा असो, लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि ती जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर पाच हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, मालकानं उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे नोंदणी टाळून मालक आपलाच पाय कुऱ्हाडीवर मारतो. खर्च तरी किती? आठ हजार भाडं, पंचवीस हजार डिपॉझिट, अकरा महिने धरले तर मुद्रांक शुल्क पाव टक्क्यानं सव्वादोनशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. आधार आणि अंगठा असला की ऑनलाइन होतं.

शेवटी घर मिळालं ते सांगलीतच, जुन्या गावात पहिल्या मजल्यावर. खाली मालक-मालकीणबाई स्वतः राहतात. करार नोंदवायला ते एका शब्दात तयार झाले. फक्त एक अट तोंडी घातली: पूर आला तर आमचा फ्रिज, धान्याच्या कोठ्या आणि देव तुमच्या हॉलमध्ये येणार. मी हो म्हटलं आणि त्या दिवसांचं भाडं कोणी कोणाला द्यायचं ते विचारलं. काकांनी काकूंकडं बघितलं. काकू म्हणाल्या, 'स्वयंपाक माझ्याकडं, गॅस तुमचा.'